बिलावर सही करत नाही म्हणून घरात अबोला. मृणालताई गोरेंच्या घरी अशा वेळी काय होत असेल?

माणदेशची सरपंच

माण तालुक्यातल्या एका लहान गावाची मी सरपंच आहे. गावाचं नाव लिहीत नाही, आमच्याकडे कोण कोणाचा मेव्हणा निघेल सांगता येत नाही. आरक्षण सर्वसाधारण महिला पडलं तेव्हा मिस्टरांनी आणि चुलत दिरांनी मिळून माझा अर्ज भरला. मी डी.एड. आहे, नोकरी लागली नाही, चारचौघांत बोलायला घाबरत नाही, एवढ्यावर निवड झाली. थेट निवडणूक होती, आले निवडून. सुरुवातीला सह्या माझ्या आणि सरपंच मिस्टर, असंच चाललं होतं. हे इथं कोणाला नवीन नसावं.

उन्हाळ्यात टँकर सुरू झाले तेव्हा बदललं. वहीत खेपा लिहिलेल्या पाच आणि विहिरीत ओतलेल्या तीन. हे मला कोणी अधिकाऱ्यानं नाही, वरच्या आळीतल्या बायकांनी सांगितलं. मी विहिरीवर जाऊन बसायला लागले. टँकर आला की वेळ लिहायची आणि तिथं असलेल्या दोघींच्या सह्या घ्यायच्या. आठवड्याभरात खेपा बरोबर झाल्या. मिस्टर तेव्हा खूश होते, दुकानात (आमचं कृषी सेवा केंद्र आहे) गिऱ्हाइकांना सांगत होते, आमची बाई हिशेबाला पक्की आहे म्हणून.

आता तोच हिशेब घरावर आलाय. पंधराव्या वित्त आयोगातून बंदिस्त गटाराचं काम झालं. काम घेतलं दुसऱ्याच्या नावावर, पण केलं चुलत दिरांनी, म्हणजे भावजींनी. गावात सगळ्यांना माहीत आहे. एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, लांबी एकशेवीस मीटर. मी शाळेतला टेप आणि ग्रामपंचायतीचा शिपाई घेऊन मोजलं, पंच्याऐंशी भरतं. पाईप पण अंदाजपत्रकात आहेत त्याहून लहान टाकलेत. ग्रामसेवक म्हणतात, "एमबी झाली आहे ताई, तुम्ही फक्त डीएससी लावा." डीएससी म्हणजे पेनड्राइव्हसारख्या टोकनमधली माझी डिजिटल सही. मी लावत नाही.

तेव्हापासून घरात अबोला आहे. सासूबाई चहा ठेवतात आणि धाकट्याला सांगतात, "आईला म्हणावं गार होतोय." मिस्टर बोलतात, पण फक्त खताच्या गाडीबद्दल. त्यांचं म्हणणं, निवडणुकीत भावजींनी पदरचे पैसे घातले, आपल्या वाट्याचं रान त्यांच्या विहिरीवर भिजतं, आणि तू त्यांना गावासमोर उघडं पाडणार. हे खोटं नाही. कांद्याला पाणी त्यांच्याच विहिरीचं आहे. मुलगी सहावीत आहे, तिला शाळेत कोणीतरी विचारलं, तुझी आई तुझ्या काकाला चोर म्हणाली का. रात्री तिनं मला विचारलं. मी म्हटलं, मी गटार मोजलं. तिला ते पटलं नाही.

८ मार्चला तालुक्याच्या कार्यक्रमाला गेले होते. तिथं एका मॅडमनी मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्यावर भाषण केलं. पाणीवाली बाई, लाटणं मोर्चा, आणीबाणीतला तुरुंग. टाळ्या चांगल्या पडल्या. मला मात्र मागं बसून वेगळंच विचारायचं होतं. त्यांना मुलगी होती म्हणतात, मग मोर्चाच्या दिवशी ती कोणापाशी असायची? भाकरी कोण थापायचं? घरातलंच माणूस आडवं आलं तर काय करायच्या? असं विचारलं तर लोक हसतील म्हणून गप्प बसले.

इथं विचारते. ज्यांना त्यांच्याबद्दल माहिती आहे त्यांनी सांगा. आणि ज्यांनी पंचायतीत काम केलंय त्यांनी हेही सांगा, की सही न करता घर टिकवायचं कसं. "धीर धरा ताई" एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको, ते घरचे लोक पण सांगतात.

व्यवहारी माणूस

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पस्तीस मीटर गटारासाठी विहीर घालवणार का? वर एमबी लिहिणारा खातो, मधला खातो, तुम्ही एकट्या राहून काय फरक पडणार. पाच वर्षांनी आरक्षण बदलेल, तुम्ही माजी सरपंच व्हाल, भावकी मात्र तिथंच राहणार. करून टाका सही. पुढचं काम भावकीत देऊ नका म्हणजे झालं.

माणदेशची सरपंच

@व्यवहारी माणूस: हे सगळं मला घरी फुकट ऐकायला मिळतं, त्यासाठी नेट पॅक मारला नव्हता. आणि पस्तीस मीटर म्हणजे मागासवर्गीय वस्तीकडचा शेवटचा तुकडा आहे. गटार तिथं जाऊन थांबलंय आणि पाणी त्यांच्या दारात साचतंय. तुमच्या दारात साचलं असतं तर तुम्ही काय लिहिलं असतं?

निवृत्त ग्रामसेवक

मी तीस वर्षं या खात्यात काढली, म्हणून तुला अगं-तुगं करतो. भावनेचं बाकीचे लिहितील, मी कागदाचं सांगतो.

तोंडी नकार हा नकार नसतो. उद्या चौकशी लागली तर ग्रामसेवक सांगेल, सरपंचांना वेळ नव्हता म्हणून बिल थांबलं. त्यामुळं पत्र लिही. प्रत्यक्ष मोजणी आणि मोजमाप पुस्तिकेतली नोंद यांत तफावत आहे, पाईपचा व्यास अंदाजपत्रकाप्रमाणे नाही, तरी उपअभियंत्यांकडून फेरमोजणी व्हावी. एवढंच लिही. पत्र गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत ग्रामसेवकाला. जावक नंबर टाक आणि पंचायत समितीत पोच घे. पत्रात भावजींचं नाव नको, नातं नको, "भ्रष्टाचार" हा शब्द तर अजिबात नको. तू आरोप करत नाहीस, मोजणी मागतेस. घरी पण हेच वाक्य बोलायचं.

दुसरं. पंच्याऐंशी मीटर काम झालंय ना? त्याचे पैसे अडवू नकोस. सिमेंटवाल्याची उधारी आणि गवंड्यांची मजुरी त्याच्या डोक्यावर असणार. तू सगळंच बिल धरून ठेवलंस तर चार महिन्यांनी गावात बिचारा तो ठरेल आणि आडमुठी तू. मासिक सभेत विषय घे, फेरमोजणीप्रमाणे होईल तेवढं देयक अदा करावं असा ठराव कर, आणि इतिवृत्तात तुझे शब्द जसेच्या तसे लिहून घे. इतिवृत्त वाचल्याशिवाय खाली सही करायची नाही. आमच्या काळी निम्मे घोटाळे इतिवृत्ताच्या कोऱ्या पानांवर व्हायचे. आजही फार बदललं असेल असं वाटत नाही.

तिसरं, आणि हे मिस्टरांना वाचून दाखव. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ (ग) प्रमाणे पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर पद जातं. चुलत दीर विभक्त असला तर तेवढ्यानं तू अपात्र होत नाहीस. पण त्यानं तुझ्या निवडणुकीत पैसे घातले, त्याच्या विहिरीवर तुझं रान भिजतं, ही वाक्यं तू इथं जशी लिहिलीस तशी विरोधकानं जिल्हाधिकाऱ्यांपुढं लिहिली तर वकिलाचा खर्च तुलाच. आणि खोट्या मोजमापावर पैसे गेले तर गैरवर्तणुकीचं कलम ३९ तुझ्यावर लागतं, वसुली तुझ्यावर निघते. भावजीवर काही नाही, कारण कागदावर तो कुठंच नाही. मिस्टरांना एवढं विचार: वसुलीची नोटीस आली तर ती कोणाच्या घराला चिकटवणार?

अविश्वासाची भीती कोणी घालत असेल तर, महिला सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्य लागतात. तू थेट निवडून आलीस, म्हणजे त्यावर ग्रामसभेतही मतदान. टँकरच्या खेपा मोजणारीला ग्रामसभा घरी बसवेल असं मला वाटत नाही.

शेवटचं: तुझी डीएससी कोणाकडं असते? "लावत नाही" म्हणालीस, पण ती तुझ्या कपाटात आहे की कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये?

गोरेगावकरीण

मी जन्मापासून गोरेगावची. बँकेतून निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. तुझा प्रश्न वाचून मला बरं वाटलं, कारण मृणालताईंवर भाषणं मीही भरपूर ऐकली आहेत आणि त्यात घर कधी येतच नाही. आलंच तर "संसाराची पर्वा न करता" एवढ्या चार शब्दांत उरकतात. संसाराची पर्वा नसलेली बाई रॉकेल आणि तेलासाठी मोर्चा कशाला काढेल?

आधी तुला आवडेल अशी गोष्ट. गोरेगाव तेव्हा मुंबईत नव्हतं. इथे ग्रामपंचायत होती आणि मृणालताईंची पहिली निवडणूक ग्रामपंचायतीचीच. नंतर १९५७ ला हा भाग महापालिकेत आला. म्हणजे सुरुवात तुझ्याच खुर्चीच्या आसपास.

त्यांचं घर कसं होतं? माहेरच्या त्या मोहिले. डॉक्टर व्हायला निघाल्या होत्या, ते शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात पडल्या. १९४८ ला केशव गोरे, सगळे ज्यांना बंडू गोरे म्हणत, त्यांच्याशी लग्न केलं. आंतरजातीय लग्न. दोघांचं काम एकच आणि गावही एकच. १९५८ ला बंडू गोरे गेले. मुलगी लहान होती. ताईंनी तिशी गाठलेली. तीन वर्षांनी, १९६१ ला, त्या महापालिकेत निवडून आल्या आणि गोरेगावच्या नळाच्या पाण्यासाठी इतक्या भांडल्या की नावच पडलं.

आता तू विचारलंस, घरातलं माणूस आडवं आलं तर त्या काय करायच्या. इथे तुझी आणि त्यांची वाट वेगळी आहे. बंडू गोरे असते तर ते बिलाच्या फाईलच्या ह्याच बाजूला उभे राहिले असते. ते गेल्यावर भोवती जी माणसं उरली ती सेवा दलाची, पक्षाची. दुःख मोठं होतं, पण घरात ठेकेदार नव्हता. तुझ्या घरात आहे. म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात तुला उत्तर मिळायचं नाही. एक मात्र बघ, नवऱ्याच्या नावानं त्यांनी काय उभं केलं? केशव गोरे स्मारक ट्रस्ट. आरे रोडवर आजही आहे. तिथे बायकांचं काम चालतं, सभा होतात, नाटकाच्या तालमीसुद्धा होतात. गोऱ्यांच्या नावावर काही राहिलं असेल तर ते सगळ्यांना आत येता येईल असं. तुझ्या भावजींना हे ऐकवून फायदा नाही, पण तू ऐकून ठेव.

त्यांच्या मुलीला काय सोसावं लागलं, त्यावर मी बोलणार नाही. लोक फार सहज बोलतात. आईचं मोठेपण मुलीच्या खात्यातून वजा करून दाखवायची आपल्याला भारी हौस. पुढाऱ्याच्या मुलाला कोणी विचारत नाही, बाबा सभेला गेले की तुझा डबा कोण करायचं.

उत्तर मिळालंच तर ते त्यांच्या कामाच्या पद्धतीत मिळेल. १९७२ ला महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. त्यात त्या समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट, प्रमिलाताई दंडवते समाजवादी. पक्षांचं एकमेकांत पटत नव्हतं, पण रेशनच्या रांगेत सगळ्या एकत्र. मी तेव्हा शाळेत होते. माझी आई कधी स्टेशनापलीकडे एकटी गेली नव्हती, ती लाटणं घेऊन मोर्चाला गेली. वडील रेल्वेत होते. लाटणंच घराबाहेर गेल्यामुळे संध्याकाळी त्यांनी पाव आणला आणि आम्ही तो उसळीशी खाल्ला. वडिलांना ते आवडलं नव्हतं, पण बोलणार कसं? शेजारच्या तिन्ही घरांत तेच. एकट्या आमच्याच घरातली बाई गेली असती तर त्यांनी नक्की तोंड सोडलं असतं.

माझ्या मते ह्यात सगळी मेख आहे. ज्या बायकांना सासूमुळे, तान्ह्या मुलामुळे बाहेर पडता येत नव्हतं, त्यांनी ठरल्या वेळी आपल्या खिडकीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. घर सोडून या असं आंदोलन कुणाला म्हणत नव्हतं. ते घरातल्याच वस्तू आणि घरातल्याच वेळा वापरत होतं. मृणालताई मंत्र्यांच्या दारात एकट्या क्वचितच दिसायच्या. मागे शंभर बायका, आणि त्या बायकांना आकडे पाठ.

तू गटार मोजलंस तेव्हा बरोबर शिपाई होता. टँकर मोजलास तेव्हा बायका होत्या. फरक लक्षात येतोय का? टँकरच्या वेळी घरात अबोला झाला नाही, कारण खेपा गावानं मोजल्या. गटार मात्र "आमच्या सुनेनं" मोजलं. ही सही तुझ्या घरातून बाहेर काढ. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावीच लागते ना? तिथे टेप ने. त्या शेवटच्या वस्तीतल्या बायकांच्या हातात दे. मोजू देत त्यांना.

आणीबाणीचं म्हणशील तर ताई आधी भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात एकांतकोठडीत ठेवलं होतं. प्रमिलाताई येरवड्यात आणि मधू दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात, नवरा-बायकोचा संसार तेव्हा पत्रांवर चालला. १९७७ ला मृणालताई उत्तर मुंबईतून लोकसभेत गेल्या आणि इंदिराबाई हरल्या, तेव्हाची घोषणा तुला त्या मॅडमनी सांगितली असेलच: "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!" पुढे विधानसभेत गर्भलिंग चाचणीविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक आणलं, १९८८ ला महाराष्ट्राचा कायदा झाला, देशात पहिला. दिंडोशीला नागरी निवारा या गृहप्रकल्पाची सहा हजारांवर घरं उभी राहिली, त्यात बाबूराव सामंतांबरोबर त्या होत्या. हे सगळं एका विधवा आईनं केलं म्हणून लोक डोळे पुसतात. मला त्यात रडण्यासारखं काही दिसत नाही. मला दिसतं ते हे, की चाळीस वर्षांत त्यांनी एकटीनं केलेलं काम शोधून सापडत नाही.

पणजीहून

विषयाला थोडं सोडून. आमच्या गोव्यात १९७३ ला पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, १९७९ पर्यंत होत्या. तिथे कुटुंब हीच राजकारणाची शिडी होती, त्यामुळे घर आणि पद असा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने आला. सत्ता गेल्यावर अनेक वर्षांनी, उतारवयात त्या मातृभाषेतल्या शाळांसाठी रस्त्यावर उतरल्या, आणि तेव्हा मागे ना वडील होते ना खुर्ची. मला त्या तेव्हाच जास्त मोठ्या वाटल्या. सरपंचबाईंना उपयोग शून्य आहे ह्याचा, पण मृणालताईंचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

वर्धेकर वहिनी

मी एक टर्म पंचायत समितीची सदस्य होते. निवडून आले तेव्हा लहानी कडेवर होती. आमच्या पंचायत समितीत बायकांसाठी धड संडास नव्हता, हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली, तर दूरच. आता थोडं बदललं म्हणतात. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा कुठं विधानभवनाला आठवलं की आमदाराला बाळ असू शकते. पुढच्या अधिवेशनात मुंबईत तिथल्या हिरकणी कक्षातल्या धुळीबद्दल त्यांनाच बोलावं लागलं. आमदाराची ही गत, मग तुझ्यामाझ्यासाठी कोण खोली काढते?

मी घरात काय केलं ते सांगते, पटलं तर घे.

लोक सकाळी सहापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचे. मी ओसरीत एक बाक टाकला आणि सासूबाईंना सांगितलं, कोणाला आत सोडायचं ते तुम्ही ठरवा. त्या दिवसापासून त्या माझ्या पीए. कोण कशासाठी आला, कोण खोटं बोलतो, कोणाची सून खरंच अडचणीत आहे, हे त्या मला भाकरी करता करता सांगायच्या. त्याआधी त्यांचा मला विरोध होता, कारण माझ्या पदात त्यांच्या वाट्याला फक्त वाढलेलं काम आलं होतं. मानाचं काहीच नव्हतं. महिला सभेला मी त्यांना पहिल्या रांगेत बसवायची. तुझ्या सासूबाई चहा ठेवतात म्हणतेस ना? अबोल्यात पण चहा ठेवणारी बाई पूर्ण विरोधात नसते. तिला मधी घे.

आता निवृत्त ग्रामसेवकांशी माझं थोडं जमत नाही. ते म्हणतात आधी पत्र. मी म्हणते आधी भावजींच्या घरी जा. मिस्टरांमार्फत नको, तू स्वतः. त्यांच्या आईसमोर बस आणि सरळ सांग: भावजी, पस्तीस मीटर राहिलंय, पूर्ण करा, मी सगळ्या बिलावर डीएससी लावते. पाईप बदलायचे असले तर पावसाआधी बदला. पंधरा दिवस थांबते, मग पत्र जाईल. त्यांना तोंड लपवायला नाही, काम करायला जागा दे. पत्र आधी गेलं तर भावकीत तो कायमचा वैरी. सांगून गेलं तर निदान "आम्हाला न सांगता केलं" हे तरी कोणी म्हणणार नाही. आमच्याकडं एका कामात असंच करून उरलेलं बांधकाम पूर्ण झालं होतं. एकात नाही झालं, तिथं पत्र दिलं, आणि ते नातेवाईक अजून आमच्या लग्नाकार्याला येत नाहीत. दोन्ही होऊ शकते, आधीच सांगून ठेवते.

आणि कांद्याचं पाणी. ह्याच्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मिस्टरांची खरी भीती ती आहे, ती हसण्यावारी नेऊ नको. वाट्याच्या विहिरीचा हक्क सातबाऱ्यावर नोंदलेला आहे का बघ. आजोबांच्या वेळची सामाईक विहीर असेल तर भावजींना पाणी असं तोडता येत नाही. नोंद नसेल तर आजच तलाठ्याकडं चौकशी कर. नवऱ्याला तत्त्व समजावण्यापेक्षा सातबारा दाखवलेला बरा.

मुलीला मात्र खरं सांग. सहावीतली आहे, तिला क्षेत्रफळ शिकवतात. तिलाच ने मोजायला.

निवृत्त ग्रामसेवक

वहिनींचं म्हणणं मी खोडत नाही. पंधरा दिवस द्यायचे तर द्या, पण मार्चअखेर आहे. निधी परत जाईल म्हणून वरून घाई करतील, आणि त्या घाईतच खोटी बिलं निघतात. मी पत्राचा मसुदा आज तयार ठेवला असता, तारीख रिकामी सोडून. आणि डीएससीचं उत्तर अजून आलं नाही.

माणदेशची सरपंच

सगळ्यांचं वाचलं. काही दोनदा वाचलं.

विहीर सामाईकच आहे. आजेसासऱ्यांच्या नावावर होती, वाटण्या झाल्या तेव्हा सातबाऱ्याच्या इतर हक्कात आमचं नाव लागलंय. मी आज दुकानातल्या फाईलीत शोधलं, मिस्टरांनी बघितलं मी काय काढतेय ते. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी स्वतः तो उतारा परत काढून वाचला. गोरेगावच्या काकू, बंडू गोऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला थोडं लागलं. आमचे मिस्टर वाईट नाहीत. टँकरच्या वेळी रात्री विहिरीवर टॉर्च घेऊन तेच माझ्याबरोबर उभे होते.

भावजींकडं मी रविवारी जाणार. सासूबाईंना बरोबर चला म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी कशाला, मला काय कळतंय गटारातलं." नाही म्हणाल्या नाहीत. चुलत सासूबाई त्यांच्या सख्ख्या मावसबहीण आहेत, त्या दोघी बोलल्या तर माझं काम अर्धं होईल. भावजींनी ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर पत्र जाईल, आणि महिला सभेत टेप जाईल. वस्तीतल्या दोघींना मी आत्ताच विचारून ठेवलंय, त्या तयार आहेत. त्यांच्या दारात पाणी आहे, त्यांना कोणाची विहीर लागत नाही.

मुलीला अजून सांगितलं नाही. तिची परीक्षा आहे.

निवृत्त ग्रामसेवक काका, डीएससी ऑपरेटरकडंच होती. काल मी मागून आणली. "राहू द्या की मॅडम, तुम्हाला त्रास" म्हणाला. आता माझ्या पर्समध्ये आहे. पण पासवर्ड त्यानंच टाकलेला आहे, मला माहीतच नाही. तो बदलायचा तर साताऱ्याला जावं लागेल का?

निवृत्त ग्रामसेवक

कुठं जायला नको. टोकन कॉम्प्युटरला लावलं की त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड बदलायची सोय असते, फक्त जुना पासवर्ड लागतो. अंदाजानं टाकत बसू नकोस, जास्त वेळा चुकला तर टोकन लॉक होतं आणि मग खरंच हेलपाटे आहेत. उद्या कार्यालय उघडल्याबरोबर जा, शिपायाला तिथंच थांबव. ऑपरेटरला जुना टाकायला लाव. नवा तू टाक, आणि टाकताना त्याला खिडकीकडं बघायला सांग. मुलीची जन्मतारीख ठेवू नकोस, ती गावाला माहीत असते.